तो डोळ्यांत बघत नाही, आजोबा गेले तरी रडला नाही

प्रश्न: माझा मुलगा 8 वर्षांचा आहे, तिसरीत. चौथ्या वर्षी ऑटिझमचं निदान झालं. बोलतो, वाचतो, पण बोलताना कुणाच्या डोळ्यांत बघत नाही. शाळेत बाई म्हणतात, लक्ष नसतं. थेरपीच्या ठिकाणी हनुवटी धरून ‘लुक ॲट मी’ करून घेतात, 5 सेकंद बघितलं की चॉकलेटची गोळी देतात. हल्ली तिथे जायच्या दिवशी सकाळपासून पोट दुखतंय म्हणतो. 2 महिन्यांपूर्वी माझे सासरे गेले. दोघांचं फार सख्य होतं, पण हा रडला नाही. दहाव्याला उलट ‘कावळा किती वाजता येणार?’ असं चार-चारदा विचारत होता. नणंदबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, याला मायाच नाही. तेव्हापासून एक नवीन खूळ लागलंय. रोज संध्याकाळी साडेसहाला आजोबांच्या चपला दाराशी सरळ करून ठेवतो, कुणी हलवल्या तर आकांत करतो. त्याला खरंच भावना नसतात का? आणि डोळ्यांत बघायला शिकवणं चालू ठेवायचं का?

उत्तर:

हनुवटी धरणं आधी थांबवा. बाकीचं उत्तर लांब आहे, ते सावकाश वाचलंत तरी चालेल. पण पुढच्या सेशनला जाल तेव्हा एवढं एक सांगूनच आत पाठवा.

मी स्पीच थेरपिस्ट आहे, 22 वर्षं हेच काम करते. सुरुवातीची काही वर्षं मीही हेच केलं, त्यामुळे तिथे काम करणाऱ्या मुलीला नावं ठेवायचा मला अधिकार नाही. आम्हाला असंच शिकवलं होतं. अमेरिकेत इव्हार लोवास यांनी ऑटिझम असलेल्या मुलांना शिकवायची जी पद्धत बसवली, तिच्यात ‘लुक ॲट मी’ हा अगदी सुरुवातीचा धडा असायचा. मुलानं बघितलं की खाऊ. झेरॉक्सची झेरॉक्स निघत निघत ती आमच्यापर्यंत पोचली. मी तिच्यात स्वतःची अक्कल चालवून भर घातली होती. दोन भुवयांच्या मधोमध मोठी चमकीची टिकली लावून बसायची. मुलं टिकलीकडे बघायची, मी वहीत बरोबरची खूण करायची आणि आईला सांगायची, ‘आय कॉन्टॅक्ट छान सुधारतोय.’ एक 5 वर्षांचा मुलगा तर वर्गातला पहिला नंबर होता. एकदा मी घाईत टिकली न लावता आले. त्यानं माझ्या कपाळावर बोट ठेवलं आणि म्हणाला, ‘आज बंद.’ शटर ओढलेल्या दुकानासमोर म्हणतात तसं. त्या दिवशी मला कळलं की 6 महिने तो फक्त टिकली बघत होता, आणि त्या 6 महिन्यांत मी काय बोलले यातलं त्याला फारसं काहीच ऐकू गेलं नव्हतं. दोन्ही एका वेळी त्याला जमत नव्हतं.

जमत तुम्हालाही नाही. कुणीतरी तुमच्या डोळ्यांत रोखून बघत विचारलं, ‘सतरा नव्वे किती?’ तर तुमची नजर छताकडे जाईल. चेहरा ही फार बडबडी गोष्ट आहे. भुवया हलतात, पापण्या लवतात, ओठ एक सांगतात आणि डोळे दुसरंच. विचार करायला थोडी शांतता लागते म्हणून आपण सगळेच अवघड प्रश्नाला नजर वळवतो. मानसशास्त्रात हे प्रयोगांनी दाखवलेलं आहे, आणि नजर वळवली की आठवायला सोपं जातं हेही. ऑटिझम असलेल्या बऱ्याच मुलांना साधं ‘आज डब्यात काय होतं?’ हेसुद्धा सतरा नव्वेइतकंच जड जातं. समोरच्याचे शब्द पकडायचे, उत्तर शोधायचं, ते तोंडातून बाहेर काढायचं आणि त्याच वेळी पंख्याचा आवाज, ट्यूबलाइटची फडफड, शर्टाच्या मागचं टोचणारं लेबल हे सगळं बाजूला ठेवायचं. त्यात वर डोळ्यांतही बघ! मग मूल जे सोडता येईल ते सोडतं. तुमच्या मुलानं डोळे सोडले आणि कान चालू ठेवले. मला विचाराल तर सौदा शहाणपणाचा आहे.

काहींच्या बाबतीत प्रकरण गर्दीपुरतं थांबत नाही, डोळे अक्षरशः सहन होत नाहीत. 2005 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मेंदूचं स्कॅनिंग करताना मुलांना चेहरे दाखवले होते. ऑटिझम असलेली मुलं जितका वेळ डोळ्यांवर नजर टिकवत, तितका त्यांचा अमिग्डाला जास्त पेटत होता. अमिग्डाला म्हणजे धोक्याची घंटा वाजवणारा मेंदूतला छोटा भाग. 2017 साली नूशीन हाजीखानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेच पुढे नेलं. चेहऱ्याच्या डोळ्यांच्या भागावरच नजर ठेवायला लावली, तेव्हा ऑटिझम असलेल्यांच्या मेंदूतला चेहरे आणि भावना टिपणारा खोलवरचा सगळा भागच प्रमाणाबाहेर तापला. मोठे झालेले ऑटिस्टिक लोक स्वतः जे सांगतात त्याच्याशी हे जुळतं. माझ्याकडे येणारा एक इंजिनिअर तरुण म्हणतो, ‘मॅडम, समोरून येणाऱ्या गाडीचा अप्पर लागलाय आणि मला म्हणतात, हेडलाइटकडे बघत गाडी चालव.’

आता एक पुरवणी, कारण अर्धी माहिती सांगून मोकळं होणं मला आवडत नाही. सगळीच मुलं डोळे टाळतात असं नाही. त्याच 2017 साली अमेरिकेत अगदी 2 वर्षांच्या मुलांवर झालेल्या अभ्यासात दिसलं की ही लहानगी डोळ्यांपासून पळत नव्हती. नजर डोळ्यांवर आणून ठेवली तर ती काही चटकन वळवून घेत नव्हती. फक्त डोळ्यांमध्ये काही खास आहे, ते बोलावतायत, हे त्यांना जाणवत नव्हतं. म्हणजे कुणाला डोळे भाजतात, कुणाला ते भिंतीवरच्या घड्याळासारखे वाटतात. एकाच मुलात वयानुसार दोन्ही असू शकतं, आणि जबरदस्तीच्या आठवणी त्यात भर घालत असणार असा माझा स्वतःचा अंदाज आहे. काही मुलं तर उलट टक लावून बघतात, इतकी की समोरचा अवघडतो. तुमचा मुलगा कुठल्या गटातला, हे त्याचं पोट सांगतंय. फक्त सेशनच्या दिवशी सकाळी दुखणारं पोट म्हणजे भीती. (इतर दिवशीही दुखत असेल तर एकदा डॉक्टरांना जरूर दाखवा. या मुलांमध्ये बद्धकोष्ठ फार सापडतो आणि तो सगळ्यांच्या नजरेतून सुटतो.)

नजरेच्या बाबतीत आपल्या घरांची एक गंमत आहे. मोठं माणूस रागावत असताना त्याच्या डोळ्यांत बघितलं की ‘वर डोळे करून बघतोय बघा!’ आणि खाली बघितलं की ‘डोळ्यांत बघून सांग, खोटं बोलतोयस ना?’ बाकीची मुलं हे उलटसुलट नियम न शिकवता शिकतात. कुणाकडे किती, कधी, किती वेळ बघायचं याचं वेळापत्रक त्यांना आपोआप कळतं. तुमच्या मुलाला ते वेळापत्रक कुणीच दिलेलं नाही, आणि सेंटरवर ‘5 सेकंद’ असं शिकवतायत. बोलताना सलग 5 सेकंद कुणाच्याही डोळ्यांत बघून दाखवा, तो माणूस विचारेल, ‘काय झालं?’

माझं सगळं म्हणणं एका वाक्यात सांगायचं तर डोळे हे भावनेचं माप नाही. हे माप चुकीचं लागलं म्हणून नणंदबाईंचं वाक्य तुम्हाला ऐकावं लागलं. पण ती चूक त्यांच्या एकट्यांची नाही, ती या विषयाच्या जन्मापासूनची आहे. 1943 साली लिओ कॅनर यांनी 11 मुलांचं वर्णन करणारा निबंध लिहिला, तिथून ‘ऑटिझम’ हा वेगळा प्रकार म्हणून ओळखला जाऊ लागला. आणि त्या निबंधाच्या शीर्षकातच ‘भावनिक संपर्कातला बिघाड’ असे शब्द होते. पुढे काही दशकं तर दोष आयांवर ढकलला गेला, आई थंड म्हणून मूल असं. ते साफ खोटं ठरलं, पण किती बायकांनी ते ओझं वाहिलं असेल! मराठीत आपण ‘स्वमग्नता’ हा शब्द केला. कागदोपत्री मीही तोच वापरते, पण मला तो कधीच पटला नाही. स्वतःत मग्न असलेलं मूल म्हटलं की ऐकणारा निम्मा निकाल तिथेच देऊन टाकतो.

मग भावना असतात का? असतात, आणि बहुतेकदा आपल्याला सोसवणार नाहीत इतक्या असतात. अडचण दोन ठिकाणी येते.

एक अडचण आतली. स्वतःला काय होतंय हे ओळखून त्याला शब्द देणं काही माणसांना फार कठीण जातं. याला अलेक्सिथायमिया म्हणतात. 1970च्या दशकाच्या सुरुवातीला पीटर सिफनिओस यांनी हा शब्द आणला आणि तो ऑटिझमसाठी नव्हता. ऑटिझम नसलेल्या लोकांतही हे असतं. 2019 साली अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा ऑटिस्टिक लोकांमध्ये ते सुमारे 50 टक्के निघालं, इतरांमध्ये सुमारे 5 टक्के. यात दोन गोष्टी दडलेल्या आहेत. निम्म्यांना ही अडचण आहे, म्हणजे निम्म्यांना नाही. आणि जे आपण ‘ऑटिझममुळे भावना नाहीत’ म्हणून धरून चालतो, ते पुष्कळदा या दुसऱ्याच गोष्टीमुळे असतं. अशा मुलाच्या छातीत धडधडतं, घशात आवंढा येतो, पोटात गोळा येतो, पण हे सगळं मिळून ‘मला आजोबांची आठवण येतेय’ असं वाक्य तयार होत नाही. तयार होतं ते ‘पोट दुखतंय’. किंवा काहीच नाही, आणि 3 दिवसांनी पोळी तुटली म्हणून तासभर रडणं.

दुसरी अडचण आपली आहे. भावना कशी दिसली पाहिजे हे आपण आधीच ठरवून ठेवलेलं असतं. दुःख म्हणजे रडणं, आनंद म्हणजे हसून गळ्यात पडणं, आदर म्हणजे वाकणं. त्याची भावना वेगळ्या दारातून बाहेर आली की आपण घरी कुणी नाही असं समजतो. डेमियन मिल्टन हे स्वतः ऑटिस्टिक असलेले ब्रिटिश अभ्यासक. 2012 साली त्यांनी हे नीट मांडलं की समजून घेण्यातली खोट दोन्हीकडची असते; ऑटिस्टिक माणसाला इतरांचं कळत नाही, तसंच इतरांनाही ऑटिस्टिक माणसाचं कळत नाही. फक्त निदानाचा कागद एकाच्याच हातात असतो.

आता तुमच्या घरी जे झालं ते बघू. घरात अचानक 40 माणसं. उदबत्तीचा वास, मोठ्यानं रडणं, सोफा हलवलेला, आजोबांची खुर्ची कुठेतरी ठेवलेली, जेवायची वेळ पार बदललेली, आई ओळखू न येण्यासारखी. अशा वेळी या मुलांचा चेहरा पुष्कळदा कोरा होतो. तो बधिरपणा नव्हे, सगळी वीज एकदम खेचली गेल्यावर फ्यूज उडतो तसलं ते. माझ्याकडच्या एका मुलीनं वडील गेल्यावर 13 दिवस फक्त जिन्याच्या पायऱ्या मोजल्या.

कावळ्याचं तर मला त्याच्या बाजूनं भांडावंसं वाटतं. दहाव्याच्या घाटावर उभं असलेलं प्रत्येक मोठं माणूस कावळ्याचीच वाट बघत असतं. कावळा शिवला नाही तर आपल्याकडे केवढी कुजबुज होते, कुणी ‘मी मुलाचं सगळं बघेन’ म्हणून हात जोडतं. सगळ्यांच्या मनात जे होतं ते या एकट्यानं मोठ्यानं विचारलं, आणि तेही वेळेच्या भाषेत, कारण वेळ ही त्याची भरवशाची गोष्ट आहे. सगळं विस्कटलेलं असताना ‘किती वाजता?’ हे विचारणं म्हणजे हात धरायला कठडा शोधणं.

आणि चपला. त्यांना तुम्ही खूळ म्हटलंत. साडेसहाच का, हे स्वतःला विचारून बघितलंत का? आजोबा फिरून यायची ती वेळ होती का? दूध आणायला जायची? माझ्या मते तुमच्या मुलाचं सुतक त्या दाराशी चाललं आहे, रोज, 2 महिने, न चुकता. घरातल्या दुसऱ्या कुणी इतक्या नेमानं पाळलंय?

फक्त यात एक शक्यता तपासून बघायलाच हवी. त्याला काय सांगितलंत? ‘आजोबा देवाघरी गेले’, ‘बाप्पाकडे गेले’, ‘दमले म्हणून झोपले’? ही मुलं शब्द जसाच्या तसा घेतात. एका मुलीनं मला देवाघरचा पिनकोड विचारला होता. एक मुलगा, ‘आजी झोपली ती उठलीच नाही’ हे कानावर पडल्यापासून रात्री झोपायला तयार होईना. घरच्यांना महिनाभर कारणच कळलं नाही. तुमच्या मुलाच्या हिशेबात आजोबा चपला न घालता गेलेत. बाहेर गेलेला माणूस परत येतो. म्हणून चपला तयार. असं असेल तर तो दुःख करत नाहीये, वाट बघतोय, आणि रोज संध्याकाळी त्याचा नव्यानं हिरमोड होतोय. त्याला साधं, सरळ, खरं सांगा: ‘आजोबांचं हृदय काम करायचं थांबलं. शरीर बंद पडलं की माणूस मरतो. मेलेला माणूस परत येत नाही. आजोबा परत येणार नाहीत. मला त्यांची आठवण आली की माझ्या घशात दुखतं.’ शेवटचं वाक्य गाळू नका. ‘मेला’ हा शब्द आपल्याला कडू लागतो, पण त्याला तो ‘देवाघर’पेक्षा कमी घाबरवेल. हे एकदा सांगून भागणार नाही. तेच प्रश्न पुनःपुन्हा येतील, तेच उत्तर त्याच शब्दांत द्या.

आणि हे समोर बसवून सांगू नका. शेजारी बसून सांगा. माझ्या अनुभवात ही मुलं सगळ्यात खोल गोष्टी स्कूटरवर मागे बसून बोलतात. आईची पाठ समोर असते, तोंड दिसत नाही, गाडीची थरथर अंगाला बरी वाटते, आणि मधेच हेल्मेटला हनुवटी टेकवून मूल म्हणतं, ‘आई, आज मला त्यानं ढकललं.’ झोपाळ्यावर बोलतात, मटार सोलताना बोलतात, दिवे घालवल्यावर अंथरुणात बोलतात. शेंगांकडे नजर असली की चेहऱ्याचा जाच नाही. त्याला काही महत्त्वाचं विचारायचं असेल तर मटार आणा.

भावना शिकवायच्या म्हणून सेंटरवर लॅमिनेट केलेली तोंडं दाखवत असतील, हसरं, रडकं, रागीट. माझ्याकडेही तो गठ्ठा होता. मुलं 10 पैकी 10 ओळखायची आणि शेजारी आई रडत असली तरी त्यांना कळायचं नाही, कारण खरी आई त्या कार्डासारखी रडत नाही; ती तोंड धुऊन येते. त्यापेक्षा घडत असताना नाव द्या, अंगावरच्या खुणेसकट: ‘तुझे कान लाल झालेत, मुठी आवळल्यास. मला वाटतं तुला राग आलाय.’ ‘मला वाटतं’ हे म्हणायचंच, कारण आपण चुकू शकतो आणि त्याला ‘नाही’ म्हणता आलं पाहिजे. मी मुलांबरोबर गॅसचं बटण वापरते: बारीक, मध्यम, मोठा, बंद. शब्द सापडत नसले तरी किती हे बहुतेकांना सांगता येतं. माझ्याकडचा एक सहावीतला मुलगा आता वर्गात बोटं फिरवून बाईंना दाखवतो, गॅस मोठा झालाय, आणि 5 मिनिटं पाण्याच्या टाकीपाशी जाऊन येतो. त्या भावनेचं नाव अजून त्याला सांगता येत नाही, राग आहे की भीती. ते चालतं. आधी गॅस कमी करता येऊ दे.

तुम्हीही एक वही ठेवा. डोळ्यांऐवजी त्याच्या भावना कुठून बाहेर येतात ते टिपा. कुणाच्या चालण्यात, कुणाच्या त्याच त्याच गाण्यात, कुणी माणूस आवडलं की त्याच्या गाडीचा नंबर पाठ करतं. 15 दिवसांत त्याचा शब्दकोश तुमच्या हाती यायला लागेल.

शाळेतल्या बाईंना भेटा. भांडू नका, 50 मुलांत त्यांनी लक्ष कशावरून ओळखायचं हा खरा प्रश्न आहे. त्यांना एवढंच सांगा: ‘तो खिडकीकडे बघत असला तरी ऐकत असतो. खात्री करायची असेल तर “इकडे बघ” म्हणण्याऐवजी “मी आत्ता काय म्हटलं?” असं विचारा, आणि उत्तराला जरा वेळ द्या.’ मनात 10 आकडे मोजायला सांगा. बहुतेक शिक्षक दुसऱ्या आकड्याला प्रश्न पुन्हा विचारतात, आणि मुलाला तो नवा प्रश्न वाटून पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. एकदा त्याच्याकडून बरोबर उत्तर आलं की बाईंचं मत आपोआप बदलतं. माझ्या चिठ्ठीनं कधी इतकं बदललेलं नाही.

थेरपी बंद करा असं मी म्हणत नाही. ध्येय बदलून घ्या. विचारा, ‘डोळ्यांत बघण्याऐवजी आपण संयुक्त अवधानावर काम करू या का?’ जड शब्द आहे, गोष्ट सोपी आहे: दोघांनी मिळून एका गोष्टीकडे लक्ष देणं. विमान गेलं, त्यानं बोट दाखवलं, तुम्ही विमान बघितलं, दोघं ‘आहा’ झालात. यात डोळ्यांची भेट अर्धा सेकंद झाली काय, न झाली काय. भाषेची आणि सोबतीची वाढ या देवाणघेवाणीवर होते, त्यावरच्या उपचारांना चांगल्या अभ्यासांचा आधारही आहे. खेळता खेळता, खेळ आवडला म्हणून जे मूल क्षणभर वर बघतं ते बघणं खरं. चॉकलेटच्या गोळीसाठी बघितलेलं 5 सेकंदांचं बघणं मला आता कुणी फुकट दिलं तरी नको. हे ऐकून घ्यायला ते तयार नसतील तर सेंटर बदला.

दिव्यांगत्वाच्या सर्टिफिकेटची काळजी काही पालकांना असते म्हणून तेही सांगते. आपल्याकडे प्रमाणपत्रासाठी जी ‘आयसा’ (इंडियन स्केल फॉर असेसमेंट ऑफ ऑटिझम) चाचणी लावतात, तिच्यातला पहिलाच मुद्दा नजरेचा आहे. त्यामुळे नजर हीच मुख्य गोष्ट असा समज होतो. पण ते 40 मुद्दे आहेत, प्रत्येकाला 1 ते 5 गुण. पहिला आला म्हणून तो राजा नाही.

बाळांच्या बाबतीत मात्र माझं बोलणं वेगळं असतं आणि हे वाचणाऱ्या दुसऱ्या कुणासाठी ते लिहून ठेवते. वर्षा-दीड वर्षाचं बाळ डोळ्यांत बघत नाही, हाक मारल्यावर वळत नाही, बोटानं काही दाखवत नाही, तर ‘मुलगे उशिराच बोलतात’ म्हणून थांबू नका. 2013 साली आलेल्या एका अभ्यासात पुढे ऑटिझम निघालेल्या बाळांचं डोळ्यांकडे बघणं जन्मानंतर सुरुवातीला इतरांसारखंच होतं आणि 2 ते 6 महिन्यांच्या दरम्यान ते ओसरत गेलं. तिथे नजर ही खूण म्हणून महत्त्वाची आहे. आधी कानांची तपासणी, मग डोळ्यांची, मग विकासात्मक बालरोगतज्ज्ञ. असलेली नजर किंवा असलेले शब्द एकाएकी गेले तर त्याच आठवड्यात दाखवा. खूण म्हणून बघणं वेगळं, आणि तीच खूण पुसून टाकणं हा उपचार समजणं वेगळं. ताप उतरला असं दिसावं म्हणून कुणी थर्मामीटर फ्रिजमध्ये ठेवत नाही.

मोठा झाल्यावर काय, मुलाखतीत काय, हे तुमच्या मनात आलंच असेल. 14-15 वर्षांच्या मुलांना मी एक सोय म्हणून सांगते, सक्ती म्हणून नाही: समोरच्याच्या भुवयांकडे किंवा नाकाच्या शेंड्याकडे अधूनमधून बघ, पलीकडच्याला फरक कळत नाही. (होय, टिकलीच ती. फरक एवढाच की आता ती मुलाच्या हातात आहे आणि काय चाललंय ते त्याला माहीत आहे.) किंवा सरळ सांग, ‘मी खाली बघून नीट ऐकतो.’ हे वाक्य म्हणता येणारी मुलं माझ्या मते जास्त पुढे जातात. दिवसभर ‘नॉर्मल’ दिसायची कसरत करणाऱ्यांमध्ये चिंता आणि नैराश्य जास्त आढळतं, हे आता अभ्यासांतूनही पुढे आलंय, आणि ती कसरत संपल्यावर संध्याकाळी घरी येऊन कोसळणारी मुलं मी आठवड्याला बघते.

पुढचे काही महिने झोप, जेवण यांवर लक्ष ठेवा. झोप पार उडाली, खाणं तुटलं, स्वतःला मारून घ्यायला लागला तर बालमानसोपचारतज्ज्ञांकडे न्या. दुःखाचं औषध दुःखाच्याच डॉक्टरकडे असतं, ते माझं क्षेत्र नाही.

चपला त्याला न विचारता उचलू नका. कधीतरी घर आवरायला काढाल, पाहुणे येतील, कुणीतरी ‘या अजून इथेच?’ म्हणून आत टाकेल. त्याच्या आधीच त्याच्याबरोबर बसून त्यांची जागा ठरवा. आजोबा परत येणार नाहीत हे त्याला नक्की कळलंय अशी खात्री झाली की विचारा, ‘चपला कुठे ठेवायच्या?’ कदाचित तो दाराशीच म्हणेल. मग दाराशीच. आणि नणंदबाई पुढच्या वेळी आल्या की त्यांना काही समजावत बसू नका. साडेसहाला त्यांच्या हातात चहाचा कप द्या आणि दार दिसेल अशा खुर्चीत बसवा.